छप्पन्न गीते, एक आवाज

सुधीर फडके यांच्या आवाजातल्या गीतरामायणाच्या दहा एल.पी. रेकॉर्डी माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, सुरतेत राहून तीन वर्षांत एकेक करून विकत घेतल्या. आमच्या नात्यागोत्यात ही हकिगत अजून निघते. काकांच्या मते ते निव्वळ खूळ होते. आत्याच्या मते तेवढ्या पैशांत नंदुरबारच्या घराचे छप्पर बदलून झाले असते, आणि हिशेब मांडला तर आत्याचे म्हणणे खोटे नव्हते. आईने त्या दिवसांत काढलेले एक वाक्य तर घरात म्हणीसारखे रुळले आहे : महाराजांनी दोनदा सुरत लुटली, आणि तुम्ही सुरतेत बसून स्वतःला लुटवून घेताय!

पुढे छत्तीस वर्षांनी, २००७ सालच्या डिसेंबरात, आमच्या घरात दुसरा एक संच आला. तो माझ्या मुलाने विलायतेहून मागवला होता. रेडिओहेड नावाच्या बँडचा, चाळीस पौंड मोजून. त्यावरून आजा-नातवात जी बोलाचाली झाली ती गमतीची होतीच. पण त्या निमित्ताने मला गीतरामायणातच असे काही ऐकू आले, जे लहानपणापासून कानांवर पडत असूनही कधी ऐकू आले नव्हते. हा लेख त्याविषयी आहे. गीतरामायणाची थोरवी सांगणारे लेखन भरपूर झाले आहे, त्यात भर घालण्याचा विचार नाही.

गीतरामायण ऐकायला मिळणे आणि विकत मिळणे यांत बऱ्याच वर्षांचे अंतर होते, हे आजच्या वाचकाच्या चटकन ध्यानात येणार नाही. सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने पुणे आकाशवाणीवर ते सुरू झाले १ एप्रिल १९५५ रोजी. तो शुक्रवार होता आणि रामनवमी होती. दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला ग. दि. माडगूळकरांचे नवे गीत, शनिवारी-रविवारी त्याचीच उजळणी, आणि मग पुढच्या शुक्रवारची वाट. योजना ५२ गीतांची होती. अधिक महिन्यामुळे ती ५६ झाली आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला मालिका पुरी झाली. १९५७ साली दिल्लीच्या प्रकाशन विभागाने पुस्तक काढले. शब्द हाती आले, चाली डोक्यात होत्याच; पण वाटेल तेव्हा ते गाणे ऐकण्याची सोय नव्हती. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूत तीन-साडेतीन मिनिटे मावत, आणि माडगूळकरांची गीते तर कडव्यांमागून कडवी घेत कथा पुढे नेणारी. कडवी गाळावीत तर गोष्ट तुटते. एल.पी. आली, एका बाजूत वीस-बावीस मिनिटे बसू लागली, तेव्हा कुठे हे काम करता येण्याजोगे झाले. साठीच्या दशकात एचएमव्हीने सगळी गीते दहा एल.पीं.वर काढली. वीस बाजू, छप्पन्न गीते. बाजूला पुरती तीनही पडत नाहीत.

आप्पा १९५५ साली पुण्यात होते. नोकरीच्या शोधात आलेले चौघे एका खोलीत राहत आणि खालच्या चहाच्या दुकानातला रेडिओ ऐकत. शुक्रवारी पावणेनऊला त्या दुकानात कपबशांचा आवाज बंद व्हायचा, असे ते सांगत. मग रेल्वेत नोकरी लागली आणि ते उधन्याच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून आले. पुण्यात ते गीतरामायण ऐकत होते तेव्हा पुणे, पश्चिम खानदेश आणि सुरत हे सगळे एकाच मुंबई राज्यात होते. रेकॉर्डी घ्यायची ऐपत आली तोवर १ मे १९६० होऊन गेला होता. नवापूरच्या फलाटावरून दोन राज्यांची हद्द गेली होती, आणि आप्पा तिच्या पलीकडच्या बाजूला राहत होते.

वाचकांना ठाऊकच आहे, पण तरी सांगतो. बडोद्याच्या मराठी माणसामागे गायकवाडी होती, वाचनालये होती, दरबारचे गवई होते. सुरतेच्या मराठी माणसामागे रेल्वे, गिरणी आणि लूम. खानदेशातून भुसावळ-सुरत गाडीने आलेला माणूस उधन्याला उतरला की दुसऱ्या दिवशी कामाला लागायचा. मराठी रेकॉर्ड हवी तर मुंबईहून मागवावी लागे. आप्पांचे एक स्नेही फ्लाइंग रानीने सुरत-मुंबई करीत. त्यांच्याकडे पैसे द्यायचे, आणि ते दोन-तीन महिन्यांनी एक तबकडी वर्तमानपत्रात गुंडाळून, पोटाशी धरून आणायचे. एका तबकडीला आप्पांच्या पगाराचा साधारण आठवा हिस्सा जाई.

मिळेल तो भाग आणायचा असे ठरलेले असल्याने क्रम राहिला नाही. आमच्या घरी राम आधी वनवासाला गेला आणि सात महिन्यांनी त्याचे लग्न झाले. पहिली तबकडी तर आली सातव्या खेपेला. आम्हा भावंडांना त्याचे काहीच वाटत नसे, कारण कथा ठाऊक होती. पण प्रत्येक नवी रेकॉर्ड आली की पुढचे दोन-तीन महिने तीच पुन्हापुन्हा लागायची. पुण्यातल्या शुक्रवारासारखीच ही वाट पाहणी होती, फक्त तिचा काटा आठवड्याऐवजी पगाराप्रमाणे फिरत होता.

दहावी आल्यावर आप्पांनी सुताराकडून सागाची पेटी करवून घेतली. आत दहा खाचा, म्हणजे रेकॉर्डी उभ्या राहाव्यात. आडव्या रचल्या तर वाकतात. पितळी कडी. झाकणाच्या आतल्या बाजूला छप्पन्न गीतांची यादी, आप्पांच्या मालधक्क्यावरच्या वळणदार अक्षरात. कंपनीने अशी पेटी दिली असती तर ती इतकी चांगली झाली नसती, हे मी आजही म्हणेन.

आता या खर्चाने काय मिळाले? आम्ही तिघे भावंडे गुजराती शाळेत जात होतो. घरात बोलायची ती अहिराणीकडे झुकलेली मराठी. पुस्तकी मराठी कानांवर पडायची ती या दहा तबकड्यांतून, आणि ती फडक्यांच्या तोंडून. त्यांच्या गाण्यातला शब्दोच्चार हा संगीतातला गुण म्हणून सगळे वाखाणतात. आमच्यासाठी ती शिकवणी होती. 'जाऊ' हा शब्द दोन्ही भाषांत आहे, पण गुजराती 'ज' टाळूला लागतो आणि मराठी 'ज' दातांशी येतो. हा फरक मला कोणत्या गुरुजींनी सांगितला नाही. रेकॉर्डबरोबर गाताना जीभ आपोआप पुढे सरकली. माझ्या धाकट्या बहिणीची जोडाक्षरे आजही आमच्यात सर्वांत स्वच्छ आहेत, कारण प्लेअरजवळ बसायचा हट्ट तिचा असायचा.

समोर राहणाऱ्या मासी रविवारी दुपारी उंबऱ्याशी येऊन बसत. आप्पा डोळे मिटून ऐकत बसलेले पाहून त्या आईला विचारायच्या, "आजे भाई नवरा छे?" गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, काम नसलेला. आई म्हणायची, "आज कशाला, रोजचाच नवरा आहे." हा विनोद किमान शंभर वेळा झाला असेल. मासींना मराठी येत नव्हते, पण गीतरामायण बरेचसे कळत होते. माडगूळकर कथा सांगताना जे संस्कृत शब्द वापरतात ते गुजरातीचेही आहेत. अडायचे ते घरगुती मराठी शब्दांवर. तेवढे आई सांगायची, आणि बदल्यात मासी गुजराती शब्द द्यायच्या. पुढे गीतरामायणाचे गुजराती भाषांतर झाल्याचे कळले तेव्हा मला नवल वाटले नाही. आमच्या उंबऱ्यावर ते किरकोळीत आधीच चालू होते.

इथवरचे ऐकून कोणी म्हणेल, मग आप्पांची उधळपट्टी सत्कारणी लागली, विषय संपला. मीही कित्येक वर्षे असेच समजत होतो. नव्वदीच्या आसपास प्लेअरची सुई मिळेनाशी झाली. तोवर कॅसेटींचा संच आला होता; स्वस्त, हलका, मागेपुढे करायला सोपा. पेटी कपाटावर गेली. सुरतेत घर बदलून आम्ही अडाजणला तळमजल्यावर आलो तेव्हा ती पलंगाखाली ठेवली.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडले आणि तापी शहरात शिरली. ज्यांनी तो पूर पाहिला त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना या लेखात ते पुरणार नाही. आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होतो. पाणी उतरल्यावर खाली आलो तर पलंगाखाली गाळाचा ढीग, आणि त्यात पेटी. लाकूड फुगून सांधे सुटले होते. पुठ्ठ्याच्या वेष्टनांचा लगदा झाला होता. झाकणावरची यादी तर निळ्या पाण्याचा ओघळ होऊन गेली होती. तबकड्या मात्र शाबूत. विनाइलला पाणी काही करीत नाही. आप्पांनी त्या बादलीत बुडवून, साबणाच्या पातळ पाण्याने, मऊ फडक्याने गोल गोल पुसल्या आणि दोरीवर कपडे वाळत घालावेत तशा भिंतीशी ओळीने उभ्या केल्या. तेवढ्यात मधली कागदी लेबले सुटून आली. दहा काळ्या तबकड्या; कोणती कितवी, ते सांगणारे काही उरले नाही.

जुन्या रेकॉर्डींचा व्यापार करणाऱ्याला विचारा, तो सांगेल : वेष्टन आणि लेबल नसलेल्या तबकडीला भाव नाही. संग्राहकाच्या दृष्टीने आमचा संच त्या दिवशी शून्य किमतीचा झाला. गाणी जिथल्या तिथे होती.

त्यानंतर वर्षभराने मुलाचा संच आला. या बँडविषयी मला त्याने जे समजावले ते असे. मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय आपले आपण गाणी काढणाऱ्यांना तिकडे 'इंडी' म्हणतात, म्हणजे इंडिपेंडंट. रेडिओहेड मुळात तसा नव्हता. ईएमआय या बड्या कंपनीशी त्यांचा करार होता. तो २००३ च्या अल्बमबरोबर संपला. मग १० ऑक्टोबर २००७ रोजी त्यांनी 'इन रेनबोज' हा नवा अल्बम कोणत्याही कंपनीविना संगणकावरून उतरवून घ्यायला खुला केला, आणि किंमत ऐकणाऱ्यावर सोडली. शून्य लिहिले तरी चालत होते. ज्यांना हवी त्यांच्यासाठी चाळीस पौंडांची पेटी : दोन विनाइल रेकॉर्डी, त्याच दहा गाण्यांची सीडी, आणखी आठ तुकड्यांची दुसरी सीडी, चित्रांचे आणि शब्दांचे पुस्तक. त्या वेळच्या भावाने तीन हजारांच्या वर रुपये झाले. त्याची पहिलीच नोकरी होती.

आप्पांनी पेटी उलटसुलट करून पाहिली. बांधणी आवडली असावी, कारण पाठीवरून दोनदा हात फिरवला. मग विचारले, "गाणी तुला कधी मिळाली?"

"ऑक्टोबरातच, आजोबा."

"मग हे कशाला?"

"गाणी फुकटसुद्धा मिळत होती. हे पैसे गाण्यांचे नाहीत. त्यांनी कंपनी सोडून केलंय सगळं, म्हणून त्यांना दिले."

"मग मनीऑर्डर करायची." आप्पा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "या दोन रेकॉर्डी वाजवणार कशावर?"

याचे उत्तर मुलाकडे नव्हते. आमच्या घरात एकही प्लेअर नव्हता. तबकड्या मात्र बारा झाल्या होत्या.

मला त्या वेळी नातवाची बाजू लंगडी वाटली. आप्पांना दुसरा मार्गच नव्हता. गीतरामायण हवे तर ती रेकॉर्ड घेणे भाग होते. ज्याच्या कानाशी गाणी आधीच पोचली आहेत त्याने पेटीला पैसे घालायचे ही चैन झाली. पण मुलाने मला गप्प केले ते दुसऱ्या एका पेटीची गोष्ट सांगून. त्याच डिसेंबरात ईएमआयने या बँडचे आपल्याकडचे सातही जुने अल्बम एका पेटीत घालून बाजारात आणले. बँडचा त्यात काही हात नव्हता. मुलाला ती जुनी गाणी जिवापाड आवडतात, तरी त्याने ती पेटी घेतली नाही. आणि गंमत पाहा, आमच्या एचएमव्हीच्या रेकॉर्डी काढणारी ग्रामोफोन कंपनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत याच ईएमआयच्या घरातली होती. आप्पांनी पगाराचा आठवा हिस्सा दहा वेळा दिला. त्यातला माडगूळकरांपर्यंत किती आणि फडक्यांपर्यंत किती पोचला, हा प्रश्न आमच्या घरात त्या दिवसापर्यंत कोणी काढलेलाच नव्हता. छपराचा हिशेब मांडणाऱ्या आत्यानेसुद्धा नाही.

२००८ च्या उन्हाळ्यात मुलाने प्लेअर आणला. त्याच्या पेटीतल्या रेकॉर्डी ४५ फेऱ्यांच्या. दहा गाणी चार बाजूंवर, म्हणजे बाजूला दोन-तीन. गीतरामायणाइतकीच. दर दहा मिनिटांनी उठून तबकडी उलटायची. मी ती सगळी ऐकली, पुस्तक मांडीवर घेऊन, कारण त्या गायकाचे शब्द कानांनी कळत नाहीत. आवाज उंच आणि कातर. शब्द तोंडातून पूर्ण सुटण्याआधी पुढे वाहून जातात. फडक्यांच्या तालमीत वाढलेल्या कानाला तो जवळजवळ अपराध वाटतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात मला त्यातली एकजूट कळली. पाच जण वाजवतात आणि कोणी कोणाच्या पुढे येत नाही. मुलाने पैसे दिले ते या पाचांना, हे तेव्हा थोडे उमगले. तरी दुसऱ्या सीडीवरचे आठ तुकडे त्यानेही फारसे लावल्याचे मला आठवत नाही. संच पुरा असावा म्हणून ते आहेत.

मग आमच्या दहा तबकड्यांची पाळी आली. गाळ पुरता निघाला नव्हता. प्रत्येक फेऱ्याला कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. आणि कोणती तबकडी कितवी ते माहीत नसल्याने, सुई टेकेपर्यंत कोणते गीत लागेल याचा पत्ता नाही. आप्पा उजेडात धरून दोन गीतांमधल्या गुळगुळीत पट्ट्या मोजायचे आणि अंदाज बांधायचे. निम्म्या वेळा चुकायचे. या अनिश्चितपणामुळेच माझे कान उघडले असावेत. क्रमाने ऐकताना कथा आपल्याला ओढून नेते, आपण गाणाऱ्याकडे पाहत नाही. इथे एकदम मध्येच, काही पूर्वतयारी नसताना, एक पुरुष स्त्रीचे बोल बोलू लागला.

रामजन्माचे गीत सखीला उद्देशून आहे. एक बाई दुसरीला सांगते आहे. सोन्याच्या हरणाचा हट्ट सीतेचा. टाकून दिलेली सीता लक्ष्मणाला विचारते ते गीतही त्यातच. हे सगळे फडकेच म्हणतात, आणि कैकेयीवर संतापलेला भरतही तेच, हनुमानही तेच. आकाशवाणीवर असे नव्हते. तिथे फडके राम होते आणि माणिक वर्मा सीता. ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर असे कितीतरी गायक त्या एका वर्षात येऊन गेले. शुक्रवारी पावणेनऊला आज कोण गाणार हेही कुतूहल असे. आम्हा मुलांना यातले काहीच ठाऊक नव्हते. गीतरामायण म्हणजे फडके, हे समीकरण आमच्या पिढीला त्या दहा रेकॉर्डींनी शिकवले. ज्याला आम्ही संपूर्ण संच म्हणत होतो त्यात गीते संपूर्ण होती, माणसे नव्हती.

याला एक बचाव आहे आणि तो कच्चा नाही. गीतरामायणाची चौकटच अशी आहे की कुश आणि लव रामापुढे उभे राहून रामाचीच कथा गातात; शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या दोघा बाळांना ती गायला सांगतात, म्हणजे शेवट पुन्हा आरंभाला येऊन मिळतो. मधली सगळी गीते, मग ती सीतेची असोत की कौसल्येची, कथेच्या दृष्टीने त्या मुलांच्याच तोंडची. एकाच गायकाने सर्व भूमिका घेणे हे या चौकटीशी अधिक इमानी आहे. आकाशवाणीचा अनेक आवाजांचा प्रयोग नाटकाकडे झुकलेला. शिवाय आपल्याकडचा कीर्तनकार काय करतो? एकटाच राम होतो, एकटाच रावण होतो. आपल्याला ते खटकत नाही.

पण कीर्तनकार आवाज बदलतो, कंबर वाकवतो, मध्येच थांबून श्रोत्यांशी बोलतो. फडके यातले काही करीत नाहीत, आणि तेच त्यांचे वैशिष्ट्य आहे. ते सीता होत नाहीत. सीतेचे गाणे कसे आहे ते दाखवतात. संगीतकाराने आपली चाल स्वतः गावी तेव्हा तिचे सगळे सांधे दिसतात. कुठे स्वर उचलला, कुठे शब्दासाठी लय अडवली, सगळे स्पष्ट. चित्रकूटावर भरताची समजूत काढणाऱ्या रामाच्या गीतात हे अगदी जुळून येते. तिथे बोलणारा स्वतःच आवेग आवरून बोलतो आहे. गायकाचा संयम आणि रामाचा संयम एक होतात, आणि ते गीत दुसऱ्या कोणी गायलेले मला नको असते. हाच संयम हरणासाठी हट्ट धरणाऱ्या सीतेला लावला की हट्ट नाहीसा होतो. उरते ती हट्टाची सुंदर चाल. टाकलेल्या सीतेच्या गीतात तर मला हल्ली असे वाटते, की प्रश्न विचारणारी समोर नाहीच; तिचा निरोप कोणी सभ्य माणूस शब्दन्‌शब्द पोचवतो आहे. आणि हा आवाज रामाचा म्हणून आपल्या कानांत बसलेला. ज्याने टाकले त्याच्याच गळ्यातून टाकलेलीची तक्रार. फडक्यांच्या मनात असे काही असेल असे मी म्हणत नाही. रेकॉर्डीत ते घडले आहे, एवढेच.

माझे हे म्हणणे मी घरात मांडले तेव्हा मुलाने विचारले, "मग आजोबांनी ती दहा का घेतली? त्यांनी तर दुसरं ऐकलं होतं."

आप्पा तिथेच होते. ते म्हणाले, "मिळत होती ती घेतली. ती दुसरी कुठे मिळत होती?"

मग मला एक जुनी गोष्ट आठवली. लहानपणी रविवारी ती हरणाची बाजू लागली की आप्पा उठून ओसरीवर जायचे. तंबाखू मळायला जातात असे आम्ही समजायचो. मी तसे विचारल्यावर ते म्हणाले, "तंबाखू होतीच. पण ते गाणं बाईंचं. पुण्यात ऐकलं ते डोक्यात होतं, त्याच्यावर दुसरं बसवायचं नव्हतं." इतकी वर्षे त्यांनी हे आम्हांला सांगितले नव्हते. पगाराचा आठवा हिस्सा देऊन आणलेल्या रेकॉर्डीत उणे आहे हे पोरांसमोर, त्यातही आईसमोर, बोलायचे तरी कसे?

त्यांनी मुलाला सुई उचलायला सांगितली. माणिक वर्मा त्या ओळीवर कशा येत, शेवटच्या अक्षराशी आवाज किंचित कसा अडायचा, ते त्र्याहत्तर वर्षांच्या बसक्या गळ्याने त्यांनी म्हणून दाखवले. एकदा जमले नाही म्हणून पुन्हा म्हटले. मग म्हणाले, "लाव आता. तुमच्यासाठी फडकेच ठीक आहेत."

२०१३ साली आप्पा गेले. त्या दुपारी मुलाचा मोबाइल टेबलावरच पडलेला होता. ते ध्वनिमुद्रित करून ठेवावे हे आम्हा दोघांपैकी कोणालाही सुचले नाही.